पोह्यांनंतर निघालेला मंगळ

ठरवून लग्न जमवायच्या व्यवहारात नकाराची एक ठरलेली भाषा आहे, शिकवत कुणी नाही पण येते सगळ्यांना. "मुलगी पसंत पडली नाही" असं तोंडावर कुणीच म्हणत नाही. "पत्रिका जुळत नाही", "मुलाला एवढ्यात करायचंच नाहीये", "आम्हाला जरा जवळपासचं स्थळ हवं होतं", "सध्या घरात आजारपण आहे हो, दिवाळीनंतर बघू". समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोललेलं खोटं म्हणतात ना, त्याचं याच्याइतकं चोख उदाहरण मला तरी माहीत नाही. यात काय बिघडलं असं लोक म्हणतात, आणि बहुतेक वेळा खरंच काही बिघडत नाही. एका ठिकाणी बिघडलं. का बिघडलं ते सुटं करून बघण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितोय. माणसं ओळखीतली आहेत, लग्नामुंजीत समोर येतात, म्हणून गावं आणि नोकऱ्या बदलल्यात.

मुलगी २९ वर्षांची, पुण्यात हिंजवडीला आयटीत, टेस्टिंगमध्ये. आईवडील कोल्हापूरकडे, वडील हायस्कूलचे रिटायर्ड शिक्षक, गणित शिकवायचे, गावात सगळे त्यांना सरच म्हणतात म्हणून मीही इथे सरच म्हणतो. मुलगा ३२ चा, ठाण्यात, बँकेत. मध्ये माझी काकू. मुलाची आई म्हणजे काकूची मावसबहीण, आणि मुलीची आत्या काकूच्याच सोसायटीत राहणारी, दोघी एका भजनी मंडळात. म्हणजे दोन्हीकडचं ऐकणारी मध्यस्थ. काकू पैसे वगैरे घेत नाही, हौस आहे तिला, तिच्या मोबाईलमध्ये कायम पंधरावीस बायोडाटा पडलेले असतात, वर गणपती, खाली "अपेक्षा: सुशिक्षित, अनुरूप".

आता क्रम लक्षात घ्या कारण तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पत्रिका आधी बघतात, माणसं नंतर. बायोडाटा आला की रास, नक्षत्र बघून गुण जुळवायचे, ३६ पैकी १८ च्या वर आले की मगच फोन करायचा असा साधारण नियम. इथे २३ आले होते. मुलाकडच्या गुरुजींनी मुलीची पूर्ण कुंडली बघून "चालेल, पुढे जा" असं सांगितलं होतं, हे काकूला नक्की माहीत होतं कारण तो निरोप तिनेच कोल्हापूरला पोचवला होता. म्हणजे पत्रिकेचा विषय बघायचा कार्यक्रम ठरायच्या आधीच संपला होता.

कार्यक्रम रविवारी, मुलीच्या भावाच्या वाकडच्या फ्लॅटवर. (पोहे नव्हते, ढोकळा आणि कॉफी होती, पण म्हणायचं कांदेपोहेच.) दीडएक तास बसले, मुलगा-मुलगी गॅलरीत वेगळे बोलले, नंबर घेतले, सर मुलाच्या वडिलांशी पेन्शनवर बोलले, सगळं छान झालं, निघताना "कळवतो" झालं. ठाण्याला परत जाताना गाडीत मुलगा म्हणाला, चांगली आहे गं, पण मला काही वाटलं नाही. आणि आई म्हणाली, फोटोत उजळ वाटत होती. त्याच रात्री हे काकूला फोनवर कळलं. नकारामागचं खरं एवढंच, दोन वाक्यं, दोन माणसांची, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. खरं कारण सांगून टाकावं असं जे म्हणतात ते असं धरून चालतात की कारण एक असतं आणि सांगणाऱ्याला ते नीट माहीत असतं. इथे मुलाला स्वतःला माहीत नव्हतं का नाही वाटलं ते, आणि आईला माहीत होतं पण ते सांगायच्या लायकीचं नव्हतं.

पुढे आठवडाभर फोन नाही. मुलीकडच्यांनी आपणहून फोन करायचा नसतो असा एक अलिखित नियम आहे, सरांनी तो दहाव्या दिवशी मोडला. काकूला मध्ये न घेता थेट मुलाच्या आईला फोन लावला. त्यांच्या बाजूने बघा, सुट्टी काढून मुलगी घरी आलेली, बायको रोज विचारतेय, दुसऱ्या एका स्थळाला उत्तर द्यायचंय. त्यांनी सरळ विचारलं, "ताई, आमच्याकडून काही कमीजास्त झालं का?"

या प्रश्नाची तयारी त्या बाईंनी केली नव्हती. आणि त्या बोलून गेल्या: "छे छे सर, तसं काही नाही हो, मुलगी लाखात एक आहे तुमची. आमच्या गुरुजींनी परत एकदा बारकाईनं पत्रिका बघितली, तर म्हणाले मंगळ आहे, जरा कडक आहे. आता घरात मोठी माणसं आहेत, त्यांचं मन मोडवत नाही." सर म्हणाले, बरं बरं, काही हरकत नाही, योग असतात. दोन्हीकडून फोन गोड बोलून ठेवला गेला.

इथपर्यंत ऐकणारा कुणीही म्हणेल, झालं की, सुटले दोघंही. मुलीचा अपमान झाला नाही, बापाला खाली बघावं लागलं नाही, ग्रहावर ढकललं, ग्रह काही वाईट वाटून घेत नाही.

पण सरांनी ते खरं धरलं. त्यांनी कपाटातून पत्रिका काढली. मुलगी जन्मली तेव्हा गावातल्याच जोशीबुवांनी केलेली, सिंह लग्न, चौथ्या घरात वृश्चिकेचा मंगळ, आणि बाजूला बुवांच्या अक्षरात "निर्दोष मंगळ" असं लिहिलेलं. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नापासून (इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, पत्रिकेतलं पहिलं घर, जन्मवेळी उगवत असलेल्या राशीचं) पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळाची पत्रिका म्हणायची पद्धत आहे, पण तो स्वतःच्या राशीत म्हणजे मेषेत नाहीतर वृश्चिकेत असेल, किंवा मकरेत उच्चीचा असेल, तर बरेच ज्योतिषी दोष धरत नाहीत. म्हणून ते "निर्दोष". इतकी वर्षं तो शब्द सरांना पुरला होता. आता ठाण्याचे कुणी मोठे गुरुजी कडक म्हणतायत म्हटल्यावर बुवांनी आपलं मन राखायला निर्दोष लिहिलं की काय अशी शंका आली, बुवा हयात नाहीत, मग सर कोल्हापुरात दुसऱ्या ज्योतिष्याकडे गेले. आणि "कडक आहे म्हणतात, काय करावं" असं विचारत आलेल्या माणसाला "काही नाही, घरी जा" असं कोण सांगतो. शांत करून घ्या म्हणाले. उजव्या हाताच्या अनामिकेत पोवळं. शिवाय जळगाव जिल्ह्यात अमळनेरला मंगळ ग्रहाचं देऊळ आहे, तिथे मंगळवारी अभिषेक. कोल्हापूरकडून अमळनेर म्हणजे महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघ्याचा त्रास, बायकोला घेऊन गेले. मुलीनं सुरुवातीला हसण्यावारी नेलं, मग आईच्या रडण्यापुढे पोवळं घातलं.

हे सगळं एक वेळ सोडून देऊ, श्रद्धेचा भाग आहे, देवळात गेल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान दुसरीकडे झालं. आईने बायोडाट्यात एक ओळ वाढवली, "मंगळ आहे". प्रामाणिकपणे हं, पुढच्या स्थळाची फसवणूक नको म्हणून. आणि मॅट्रिमोनी साइटवर एक रकाना असतो, मांगलिक: हो / नाही / माहीत नाही, तिथे "हो" केलं. ज्यांनी या साइट वापरल्यात त्यांना माहीत आहे की बरेच लोक सर्च लावतानाच मांगलिक वगळतात, म्हणजे तुमचं प्रोफाइल त्यांना दिसतच नाही, नकारसुद्धा येत नाही. पुढचे काही महिने येणाऱ्या स्थळांची संख्या एकदम घटली, आणि आलेली बहुतेक "आमच्याही मुलाला मंगळ आहे" अशी, त्यात वयाचं अंतर मोठं, नाहीतर आणखी काही. बाकी सगळं तेच होतं, शिक्षण, पगार, फोटो, काही बदललं नव्हतं. एका ओळीचा फरक.

तिकडे चारेक महिन्यांत मुलाचा साखरपुडा झाला. फोटो स्टेटसला. काकूनं कौतुकानं ते फॉरवर्ड केलेले मुलीच्या आत्यानं बघितले, आत्यानं विचारलं गुण किती जमले हो, आणि काकू सहज बोलून गेली की अगं ऑफिसातलंच आहे, पत्रिका कुणी बघतंय. आत्या गप्प झाली आणि घरी जाऊन तिनं कोल्हापूरला फोन लावला.

आता या केसमधली गंमत अशी की खोटं एकच नव्हतं. दुसरं सरांच्या घरातच बोललं गेलं होतं. ठाण्याचा फोन झाल्यावर मुलीला काय सांगायचं हा प्रश्न आला, आणि आईवडिलांनी ठरवून सांगितलं की "आपणच नको कळवलं, पत्रिकेत जरा गडबड निघाली." मुलीला वाईट वाटू नये म्हणून. हेही निरुपद्रवी खोटंच, हेतू तोच, उलट प्रेम जास्त.

फक्त मुलीनं त्यावर एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. नंबर घेतले होते, तिनं "भेटून छान वाटलं" असा मेसेज टाकला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. संपला विषय. ती मला म्हणाली, "बाबांनी सांगितलं आपणच नको म्हटलं, मी हो म्हटलं, त्यांना बरं वाटलं." वाईट तिला वाटलं होतंच, ते दोन दिवसांत गेलं, नकार काय पहिला नव्हता. म्हणजे ज्या मुलीचं मन जपायला दोन घरांनी मिळून दोन खोटी बोलली, तिला दोन्हीची गरज नव्हती. आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर बोटात पोवळं आणि बायोडाट्यात मंगळ.

मला ही दोन खोटी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. आईवडिलांचं खोटं कुणाला लागलं नाही, आणि त्याचं कारण त्यांचा हेतू चांगला होता हे नाही, हेतू तर ठाण्याच्या बाईंचाही काही वाईट नव्हता. लागलं नाही कारण ऐकणारीला ते खोटं असल्याचं माहीत होतं. तिनं ते माहिती म्हणून घेतलंच नाही, आपुलकी म्हणून घेतलं. "अजून एक पोळी घ्या", "नको हो, पोट फुटेल आता" यातलं पोट कुणी खरं धरत नाही तसं. सरांनी मात्र ठाण्याचं वाक्य माहिती म्हणून घेतलं, आणि माहिती म्हटलं की माणूस तिच्यावर काहीतरी करतो, कपाट उघडतो, ज्योतिषी गाठतो, रेल्वेचं तिकीट काढतो. माझ्या मते सगळी केस इथे आहे. समोरचा ते ऐकून गप्प बसणार असेल तर एक गोष्ट, आणि त्यावर विसंबून कामाला लागणार असेल तर ते निरुपद्रवी राहिलं नाही, बोलणाऱ्याला पुढचं दिसलं असो वा नसो.

यावर काकूचं म्हणणं असं की अगं सगळ्यांना कळतं रे पत्रिका म्हणजे नकार, सरांना कसं कळलं नाही, एवढे शिकलेले. ("अगं" आणि "रे" एका वाक्यात फक्त काकूच घालू शकते.) मुद्दा मात्र बरोबर आहे. पत्रिका आधीच जुळलेली होती, माणसं भेटल्यावर ती कशी बिघडेल, याचाच अर्थ तो निरोप होता, समजणाऱ्यानं समजायचा. गणित शिकवलेल्या माणसाला हे लक्षात यायला हवं होतं. पण लक्षात न येणं सोयीचं असतं ना कधीकधी. मुलगी कुणाला आवडली नाही हे मानण्यापेक्षा ग्रह आडवा आला हे मानणं बापाला सोपं जातं. म्हणून सगळ्यांना कळतं या भरवशावर खोटं बोलणं धोक्याचं, कारण ज्याला सगळ्यात जास्त लागणार असतं तोच ते न कळल्यासारखं करतो, नाहीतर त्याला खरंच कळत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त इंटरेस्टिंग वाटते, खोट्या-खोट्यांतही फरक असतो. समजा त्या बाई म्हणाल्या असत्या, "गुरुजी म्हणतात एकनाड येतेय". गुणमेलनात सगळ्यात जास्त गुण नाडीला, ३६ पैकी ८. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत वाटलेली, आद्य, मध्य, अंत्य, प्रत्येकीत ९. म्हणजे कुठलीही दोन माणसं घेतली तर साधारण तिनात एकदा नाडी एक येणारच. पण एकनाड हा जोडीचा दोष आहे, एकट्या माणसाचा नाही. या मुलाशी एकनाड, पुढच्याशी नसेल. ती बायोडाट्यात लिहायला जागा नाही, तिची शांत करायला मुलीला एकटीला कुठे न्यायचं कारण नाही. सरांनी कोष्टक उघडून "अहो आठपैकी आठ आहेत" असं दाखवून दिलं असतं तर फार तर बाईंची पंचाईत झाली असती, म्हणजे जिची व्हायला हवी तिची. मंगळ मात्र मुलीला चिकटतो. तो तिच्याबरोबर पुढच्या प्रत्येक घरी जातो. आणि तो कुणाच्याही माथी मारता येतो, बारा घरांपैकी पाच घरं, म्हणजे शंभरात चाळीसएक पत्रिकांमध्ये लग्नावरून काढला तरी मंगळ निघणारच, चंद्रावरून पण बघणारे आहेत, मग तर विचारूच नका. "एवढ्यात करायचं नाहीये" हे खोटं उघडं पडायची भीती बोलणाऱ्याला असते, "एकनाड" तपासता येते, "मंगळ" बोलणाऱ्याला सगळ्यात सुरक्षित आणि ऐकणाऱ्याला सगळ्यात महाग. बाईंनी तोच उचलला. मुद्दाम उचलला असं मी म्हणत नाही, तोंडाला आला, पण तोंडाला तोच का येतो याचा विचार करण्यासारखा आहे.

(पत्रिका मुळात खरी का खोटी हा वाद मी इथे आणत नाहीये. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे या मंडळींनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ओळखायला दिल्या होत्या, प्रत्येकाला ४०, त्यात २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली, छापाकाटा केला असता तरी जवळपास तेवढीच. ज्याला त्यावर बोलायचंय त्यानं बोलावं. इथे एवढंच पुरे की सर मानतात, आणि ते मानतात हे बाईंना पक्कं माहीत होतं.)

काकूनं नंतर बहिणीला विचारलं, अगं मंगळ कशाला काढलास. त्यावर बाई चिडल्या, "मग काय सांगायला हवं होतं? तुमची मुलगी सावळी आहे म्हणून?" हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं. एकीकडे क्रूर खरं, एकीकडे गोड खोटं, निवडा. पण खऱ्याचं दुसरं वाक्य तर मुलानंच गाडीत बोलून ठेवलं होतं, मला काही वाटलं नाही. "सर, मुलगी चांगली आहे, पण मुलाचं मन होत नाहीये, आमच्याकडून पुढे जायला नको." यात एक अक्षर खोटं नाही आणि रंगही नाही. लपवणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, रंगाची गोष्ट बाईंनी जन्मभर पोटात ठेवली असती तर मी त्यांचं कौतुकच केलं असतं. प्रत्येक खरं बोलून दाखवलंच पाहिजे असं कुठे आहे, त्यांच्या मनातला तो घाणेरडा विचार ऐकायचा हक्क म्हणा, गरज म्हणा, कोल्हापूरला कुणालाच नव्हती. पण न बोललेल्या जागी काहीतरी खोटं भरलंच पाहिजे असं नसतं ना.

बाईंचं पुढचं म्हणणं, असं सांगितलं की ते "का?" विचारतात. हो, विचारतात. सरांनी विचारलंच असतं. आणि मग फोनवर एक अवघड मिनिट गेलं असतं, "आता मनाचं काय सांगणार सर" असं काहीतरी म्हणावं लागलं असतं, सरांचा आवाज उतरला असता आणि तो ऐकावा लागला असता. मंगळानं वाचवलं ते हे मिनिट. कुणाचं वाचवलं? बाईंचं. मन सरांचं जपलं असं म्हणायचं, आणि सुटका स्वतःची करून घ्यायची, हे या प्रकारच्या खोट्यात इतकं मिसळलेलं असतं की बोलणाऱ्याला स्वतःलाही वेगळं करता येत नाही. मी बाईंना लबाड म्हणत नाही. त्या खरंच मानतात की त्यांनी सरांचं भलं केलं.

घरात या विषयावर बोलणं निघालं तेव्हा आमचे एक नातेवाईक, प्रवचनं ऐकणारे, लगेच म्हणाले, लग्नकार्यात खोटं बोललेलं चालतं, महाभारतातच आहे. आहे खरं. "न नर्मयुक्तं वचनं हिनस्ति" असा तो श्लोक, थट्टेत, स्त्रियांपाशी, विवाहाच्या वेळी, प्राणावर बेतलं तर आणि सर्वस्व लुटलं जात असेल तर, अशा पाच ठिकाणी खोट्याचं पाप नाही. पण हा श्लोक आदिपर्वात कोण म्हणतं? शर्मिष्ठा, ययातीला. तिच्यापासून दूर राहीन असा सासऱ्यांना, शुक्राचार्यांना दिलेला शब्द त्यानं मोडावा म्हणून. ययाती आधी म्हणतो की राजा लोकांना प्रमाण असतो, तोच खोटं बोलला तर नाश पावतो, आणि मग तरी विरघळतो. पुढे शुक्राचार्यांचा शाप आणि ऐन तारुण्यात म्हातारपण. ज्याला खोटं हवंय त्याच्याच तोंडी खोट्याची सवलत घातलीय त्या कथेत, आणि किंमत दुसऱ्यानं मोजलीय, तीही पुढे पोटच्या पोराकडून तारुण्य मागून घेण्यापर्यंत. आपण मात्र श्लोक तेवढा पाठ करतो. नातेवाईकांना हे पटलं नाही, ते म्हणाले तुम्ही फार खोलात जाता.

उलट्या टोकाचे पण भेटतात, खोटं म्हणजे खोटं, कधीच नाही. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता, त्याचं १७९७ मधलं म्हणणं असं की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का विचारतोय तरी खोटं बोलायचं नाही. त्याआधी फ्रान्समधला बेंजामिन कॉन्स्टंट म्हणाला होता की सत्य सांगण्याचं कर्तव्य फक्त त्याच्याशी, ज्याचा त्या सत्यावर हक्क आहे. मी या भांडणात कॉन्स्टंटच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच मला ही केस बाईंच्या विरुद्ध जाते असं वाटतं. मुलाच्या मनात काय आहे यावर सरांचा हक्क नाही. आईला रंग कसा वाटला यावर तर नाहीच. पण आपल्या मुलीच्या पत्रिकेबद्दल गुरुजी खरंच काही म्हणाले का, यावर हक्क होता, कारण ती त्यांची गोष्ट आहे, तिच्यावर ते पुढचे निर्णय घेणार होते. स्वतःबद्दल खोटं बोला एक वेळ, मुलाला सध्या करायचं नाही म्हणा, बदली झाली म्हणा, ते तुमचं तुम्ही निस्तराल. समोरच्याच्या मुलीबद्दल खोटं ठेवून गेलात तर निस्तरायचं तिनं.

माझी काकू, जिला नकारामागचं खरं त्याच रात्रीपासून माहीत होतं, ती गप्प का बसली? तिचं म्हणणं, बहिणीला खोटं पाडायचं का, आणि सर अमळनेरला जातील हे तिला काय माहीत. ते बरोबर आहे, पण बायोडाट्यात "मंगळ आहे" ही ओळ आली तेव्हा नवीन पीडीएफ तिच्याच मोबाईलमध्ये आला होता, तिनंच तो पुढे दहा ठिकाणी पाठवला. तिला तेव्हा खटकलं होतं असं तीच म्हणाली. एका माणसाचं गोड खोटं टिकवायला आजूबाजूच्या किती जणांना तोंड बंद ठेवावं लागतं, हे असल्या केसमध्ये कुणी मोजत नाही.

आत्याच्या फोननंतर मुलीनं काकूला सरळ विचारलं, काकू, गुरुजी खरंच म्हणाले होते का? काकूनं सांगितलं, नाही गं. कारण विचारलंस तर सांगणार नाही, पण मंगळ नव्हता. मुलगी म्हणाली, कारण नकोच आहे मला. हे मला आवडलं, दोघींचंही. मग तिनंच आग्रह धरला की बाबांना सांगा. काकूनं आठवडा लावला, पण सांगितलं, तेवढंच सांगितलं, की सर, गुरुजींनी तेव्हा पत्रिका परत बघितलीच नव्हती, ते आपलं बोलायचं म्हणून बोलल्या, तुम्ही मनातून काढून टाका.

आणि इथे अडकलंय. सर रागावले नाहीत, ठाण्याच्या बाईंबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, त्या बोलायचं म्हणून बोलल्या असतील, पण चौथ्यात मंगळ आहे तो आहेच ना. मी स्वतः बघितला. इथले ज्योतिषी पण आहे म्हणाले." त्याला उत्तर नाही. मंगळ खरंच तिथे आहे, जन्मापासून आहे, २९ वर्षं कुणाच्या वाटेला गेला नव्हता. साफ खोटं असतं तर मागे घेता आलं असतं. यात दाणाभर खरं होतं, त्यामुळे आता ते कुणाचंच राहिलं नाही, ठाण्याच्या बाईंनी उद्या स्वतः कोल्हापूरला जाऊन हात जोडले तरी पत्रिका उघडली की तो दिसणार.

पोवळं मुलीनं काढून ठेवलंय, आई आली की घालते. बायोडाट्यातली ओळ भावानं काढली, आईनं परत टाकली, सध्या "निर्दोष मंगळ" अशी तडजोड झालीय, बुवांचाच शब्द. साइटवर मात्र निर्दोष असा पर्याय नाही. मुलगी रात्री "नाही" करायची, आई सकाळी "हो" करायची, पासवर्ड दोघींकडे, असं बरेच दिवस चाललं. आता त्या रकान्यात "माहीत नाही" आहे.